अनुभवी पाहिजे

"अर्जंट. डायलिसिस टेक्निशियन पाहिजे. अनुभवी. लगेच जॉइन होणाऱ्यास प्राधान्य." आमच्या टेक्निशियनांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा निरोप बारमाही असतो. आज मीरा रोड, उद्या भाईंदर, परवा विरार. हॉस्पिटलचं नाव बदलतं, पगार हजार-दोन हजारांनी मागेपुढे होतो, 'अनुभवी' तेवढं कायम. मी मीरा रोडच्या एका खासगी हॉस्पिटलात डायलिसिस विभागाची इनचार्ज आहे. माणूस सोडून गेलं की अशी जाहिरात मलाही टाकावी लागते. एचआरकडून येणाऱ्या मजकुरात तो शब्द आधीच लिहिलेला असतो.

नवशिक्यांचे अर्ज काही कमी येत नाहीत. पालघरपासून परभणीपर्यंतची मुलंमुली सर्टिफिकेटच्या झेरॉक्स घेऊन येतात. किडनीचं काम विचारलं तर घडाघडा सांगतात. डायलायझरचे प्रकार पाठ असतात. मग मी विचारते, "फिस्टुलात निडल टाकली आहेस कधी?" उत्तर बहुतेक वेळा एकच येतं : "बघितलंय, मॅडम." एचआरची मॅडम माझ्याकडे बघते, म्हणजे दुसरं कोणी बघा. आता हे दुसरं कोणी म्हणजे शेजारच्या हॉस्पिटलातलं तयार माणूस, चार पैसे जास्त देऊन उचललेलं. त्याची जागा तिथे रिकामी होते आणि दोन दिवसांनी तोच निरोप तिथून ग्रुपवर येतो. सगळ्यांना अनुभवी माणूस हवं आहे. अनुभव द्यायला कोणी तयार नाही. या धंद्यातली जागा भरत नाही त्याचं निम्मं कारण एवढंच आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला आमचं काम आरामाचं वाटतं. पेशंट पडून आहे, हाताला दोन नळ्या लावल्या आहेत, मशीन चालू आहे आणि टेक्निशियन स्टुलावर बसून चार्ट भरतोय. पेशंटचे नातेवाईक तर कधी कधी म्हणतात, "सगळं मशीनच करतं ना?" मशीन बरंच करतं, खोटं नाही. निकामी झालेल्या मूत्रपिंडांचं काम आठवड्यातून दोन-तीनदा, दर खेपेला चार तास, ते करतं. मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली रक्त अंगातून बाहेर येतं, डायलायझरमधल्या बारीक पोकळ तंतूंतून जातं आणि परत अंगात शिरतं. शरीरात रक्त पाच लिटरच्या आसपास, म्हणजे चार तासांत ते सगळं बारा-चौदा वेळा बाहेरून फिरून येतं. तंतूंच्या बाहेरच्या अंगाने शुद्ध पाण्यात क्षार मिसळून केलेलं द्रावण वाहतं, मिनिटाला साधारण ५०० मिली. चार तासांचा हिशेब केला तर एका पेशंटच्या एका डायलिसिसला १२० लिटर.

हा हिशेब मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी आरओ रूममध्ये उभं करून करायला लावते. पेशंटच्या खुर्चीजवळ नंतर. आपण दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, तेही आतड्यांतून गाळून रक्तात जातं. इथे एका बैठकीत १२० लिटर पाणी रक्ताला येऊन भिडतं आणि मध्ये असतो तो एक पातळ पडदा. त्यात मीरा-भाईंदरला पाण्याची कथा वेगळी सांगायला नको. २०११च्या जनगणनेत आठ लाखांवर गेलेल्या या शहराला उल्हास नदीचं पाणी स्टेम आणि एमआयडीसीमार्फत मिळतं. सूर्या प्रकल्पातलं २१८ एमएलडी पाणी शहराच्या नावावर लागलं, त्या पाण्याची वाट पाहण्यात इथल्या लोकांचे कितीतरी उन्हाळे गेले. दुरुस्तीसाठी शटडाऊन असला की सोसायट्यांसारखे हॉस्पिटललाही टँकर मागवावे लागतात. टँकरचं पाणी कधी बोअरचं, जड असतं, तर कधी क्लोरीनचा हात सढळ पडलेला असतो. मशीनचा कंडक्टिव्हिटी मीटर क्षार मोजतो, क्लोरीन त्याला दिसत नाही. क्लोरीन कार्बन फिल्टरमधून निसटला तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटायला लागतात. लिटरला ०.१ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. त्यामुळे पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी पाण्याची चाचणी करायची, टँकर आला की पुन्हा करायची आणि रजिस्टरमध्ये सही करायची.

नव्या मुलांना ही सही म्हणजे कारकुनी वाटते. त्यांना मी ब्राझीलच्या कारुआरू शहराची गोष्ट सांगते. १९९६ मध्ये तिथल्या एका डायलिसिस केंद्राला टँकरने पाणी येत होतं. धरणाच्या त्या पाण्यात नील-हरित शेवाळाचं विष होतं आणि पाणी नीट शुद्ध केलेलं नव्हतं. ५० हून अधिक पेशंट यकृत निकामी होऊन गेले. ती माणसं ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी डायलिसिसला आली होती, आमच्याकडची येतात तशीच. गोष्ट संपली की मुलं आपणहून क्लोरीनची बाटली हातात घेतात.

पाणी शिकवता येतं, कारण पाण्याला दुखत नाही. खरी अडचण पुढे, पेशंटच्या हाताशी येते.

डायलिसिसला लागणारं रक्त नेहमीच्या शिरेतून तेवढ्या वेगाने मिळत नाही. म्हणून मनगटाजवळ किंवा कोपराजवळ ऑपरेशन करून धमनी शिरेला जोडतात. काही आठवड्यांत ती शीर जाड, फुगीर होते. याला फिस्टुला म्हणतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या ब्रेशा, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली. त्याआधी पेशंटच्या हाताला बाहेरून नळी बसवलेली असे. ती गुठळ्यांनी बंद पडे, पिकत असे. यातले जेम्स सिमिनो विद्यार्थी असताना बेलव्ह्यू हॉस्पिटलात लोकांचं रक्त काढायचं काम करत. शिरेत सुई टोचण्याच्या कामाला हलकं समजणाऱ्या प्रत्येकाला मी हे मुद्दाम ऐकवते. शिरा बोटांनी ओळखणारा माणूस होता, म्हणून त्याला शिरेचा उपाय सुचला असणार, असं आपलं माझं मत.

फिस्टुलावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरताना तिच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी थरथर लागते. ती आहे म्हणजे फिस्टुला जिवंत आहे. ती कालच्यापेक्षा मंद आहे का, एका जागी तिचे ठोके झालेत का, शीर कुठे वळते, जुन्या निडलच्या खुणा कुठे आहेत, आजची निडल किती अंतरावर आणि किती तिरकी जाईल, हे सगळं बोटांना कळावं लागतं. पंधरा-सोळा गेजची निडल म्हणजे सलाइनच्या सुईपेक्षा बरीच जाड. शिरेच्या पलीकडे गेली तर हात टरारून फुगतो, काळानिळा होतो, त्या दिवसाचं डायलिसिस हुकतं आणि तो फिस्टुला कितीतरी दिवस वापरता येत नाही. पेशंटसाठी फिस्टुला ही जगण्याची वाट आहे. ती बंद झाली की मानेत नाहीतर मांडीत कॅथेटर, आणि कॅथेटर म्हणजे जंतुसंसर्गाला दार उघडं.

मला हे काम एका मल्याळी सिस्टरने शिकवलं. तिने बरेच आठवडे मला निडलला हात लावू दिला नाही. रोज प्रत्येक पेशंटचा फिस्टुला बोटांनी बघायचा आणि पेनाने खूण करायची : मी असते तर इथे टोचलं असतं. मग ती स्वतः टोचायची, बहुतेक वेळा माझ्या खुणेपासून बोटभर दूर, आणि का ते सांगायची. माझी खूण आणि तिची जागा जुळायला लागली तेव्हा एके सकाळी तिने काही न बोलता ट्रे माझ्याकडे सरकवला. आज मी नव्या मुलांना पेनच देते. याहून चांगली पद्धत मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

पण हात कोणाचा? पेशंट नव्या माणसाला लगेच ओळखतात. "नवीन आहे का? नको, सिस्टर, तुम्हीच लावा." त्यांचं चुकत नाही. आठवड्यात तीनदा दोन-दोन सुया टोचून घेणाऱ्याला मी 'शिकू द्या हो' कुठल्या तोंडाने म्हणू? तरी प्रत्येक अनुभवी टेक्निशियन कोणाच्या तरी हातावर शिकलेला असतो. हा गुंता एकदा उत्तनच्या एका काकूंनी माझ्यासाठी सोडवला. मासे विकण्यात जन्म गेलेला, आवाज अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाणारा. माझ्याकडची नवी मुलगी ट्रे घेऊन लांबच घुटमळत होती. काकूंनी तिला हाक मारली : "ये गो, टोच. तू शिकली नाय, तर उद्या ही सुटीवर गेल्यावर मना कोन लावील?" फिस्टुला त्यांचा जुना, मजबूत होता. मी शेजारी उभी राहिले, मुलीने टोचलं, रक्ताची लाल धार नळीत आली. हॉस्पिटलच्या मीटिंगांमध्ये मनुष्यबळावर पुष्कळ चर्चा ऐकली आहे. काकूंइतका नेमका मुद्दा तिथे कोणी मांडलेला मला आठवत नाही.

निडल बसली म्हणजे शिक्षण झालं असंही नाही. मीरा-भाईंदरमध्ये पेशंटशी बोलायला एक भाषा पुरत नाही. भाईंदर पश्चिमेचे गुजराती-मारवाडी अंकल, नया नगरच्या खाला, उत्तन-पालीचे कोळी, काशीमिऱ्याचे उत्तर भारतीय रिक्षावाले, सगळे एकाच शिफ्टला शेजारीशेजारी. प्रत्येकाचा पथ्य मोडण्याचा मार्ग वेगळा. एकाला फाफड्याशिवाय रविवार जात नाही, दुसरीला सुक्या मासळीशिवाय घास उतरत नाही, रमजानमध्ये खजुराला नाही म्हणवत नाही. आणि कोणीतरी हमखास आजारी माणसासाठी म्हणून प्रेमाने शहाळं घेऊन येतं. शहाळ्यात आणि खजुरात पोटॅशियम भरपूर. ते रक्तात वाढलं तर हृदय थांबू शकतं. हे 'खाऊ नका' म्हणून ओरडून उपयोगाचं नाही. त्याच्या घरात काय शिजतं ते माहीत करून घेऊन, त्याच्या भाषेत, त्याचा अपमान न होता सांगावं लागतं. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन साडेतीन-चार किलोने वाढून आलेला माणूस खोटं बोलतो तेव्हा तो आपल्याला फसवत नसतो, मे महिन्यात घोटभर पाण्यासाठी रोज स्वतःशी भांडून थकलेला असतो.

तेवढं पाणी चार तासांत ओढायला गेलं की रक्तदाब कोसळतो. मॉनिटर बीपी अर्ध्या तासाने दाखवेल, त्याआधी पेशंट जांभई देतो. एक, दोन, मग कपाळावर घाम. जांभई ऐकून चार्टवरून मान वर करणारा टेक्निशियन आणि अलार्म वाजल्यावर धावणारा टेक्निशियन, दोघांच्या सर्टिफिकेटमध्ये काही फरक नसतो. पाय वर कर, पाणी ओढणं थांबव, सलाइन सोड, हे दोघांनाही पाठ असतं. फरक पडतो तो त्या मधल्या दहा मिनिटांनी.

मग ही सर्टिफिकेटं देतं कोण? आमच्या क्षेत्रात बरीच वर्षं मोकळं रान होतं. दुकानांच्या वरच्या गाळ्यात इन्स्टिट्यूट, सहा महिन्यांचा नाहीतर वर्षाचा कोर्स, भिंतीवर मूत्रपिंडाचा तक्ता आणि कोपऱ्यात एक बंद पडलेलं मशीन. चांगली कॉलेजंही होती आणि आहेत. पण बारावी सायन्स झालेल्या मुलाच्या आईवडिलांना दोन्हींतला फरक कसा कळणार? २०२१ मध्ये संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. डायलिसिसवाले, ओटीवाले, एक्स-रेवाले, फिजिओथेरपिस्ट अशा छप्पन्न व्यवसायांना त्यामुळे पहिल्यांदा एक छत मिळालं. अलाइड व्यावसायिकाचं शिक्षण दोन ते चार वर्षांत विभागलेलं, किमान २००० तासांचं असावं, असं त्या कायद्यात लिहिलं आहे. आम्ही जुनी माणसं त्या दिवशी खरंच खूश झालो होतो. डॉक्टरला कौन्सिल, नर्सला कौन्सिल, आणि आम्ही मात्र 'तो मशीनवाला', असं इतकी वर्षं चाललेलं होतं.

त्याआधी २०१६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणला. सरकारी रुग्णालयाने जागा, वीज, पाणी द्यायचं आणि खासगी संस्थेने मशीन आणि माणसं आणायची. राज्यात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचे पैसे मिळायला लागले. याचं मोल आमच्याइतकं कोणाला कळणार? पूर्वी माणसं तीन डायलिसिसचा सल्ला असताना पैशापायी एकावर भागवायची, दागिने मोडायची, मग एक दिवस यायचीच बंद व्हायची. आता खुर्च्या वाढल्या, मशीनं वाढली. मशीन निविदा काढून दोन-तीन महिन्यांत येतं. ते चालवणारं माणूस तयार व्हायला किती वेळ लागतो, ते निविदेत कोणी लिहीत नाही.

तयार झालेलं माणूस टिकतही नाही. अंधेरीची मोठी हॉस्पिटलं जास्त देतात, आणि मीरा रोडहून अंधेरी लोकलने पाऊण तासाच्या आत. आखातातून एजंटचे फोन येत असतात, मस्कत, रियाध, राहणं-खाणं फुकट. इथे पगारात मीरा रोडला घर परवडत नाही म्हणून आमच्यातले निम्मे नालासोपारा-विरारला राहतात. पहिली शिफ्ट पहाटे सुरू होते, तिसरी संपते तेव्हा रात्र झालेली असते. शिवाय आयसीयूत कोणाला तातडीचं डायलिसिस लागलं तर मध्यरात्री फोन. लग्नानंतर मुलींना घरून हे जमू दिलं जात नाही. मुलांपैकी काहींना कंपन्या मशीनच्या विक्रीसाठी नेतात, टाय लावून.

२०२० च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या तेव्हा हे सगळं एकदम अंगावर आलं. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये खाडी आहे आणि तिच्यावर पूल आहे तो रेल्वेचा. रस्त्याने यायचं तर महामार्गावरून वरसोवा पुलाचा वळसा. पेशंटला तर लॉकडाऊन नाही, त्याचा मंगळवार-गुरुवार-शनिवार चुकला तर रविवारी फुप्फुसांत पाणी. अत्यावश्यक सेवेच्या लोकल १५ जूनला सुरू झाल्या. तोपर्यंत कोणी एसटीने आलं, कोणी हॉस्पिटलमध्येच गादी टाकून राहिलं. वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "आम्ही येऊ का मदतीला?" मनापासून म्हणाल्या. पण लाइन कशी भरायची, फिस्टुला कसा टोचायचा हे ठाऊक नसलेल्या कुशल नर्सलाही मी मशीनवर उभी करू शकत नव्हते, आणि तेव्हा शिकवायला कोणाला उसंत नव्हती. कागदावर हॉस्पिटलात स्टाफ होता. डायलिसिस करू शकणारी माणसं आम्ही बोटांवर मोजण्याइतकी. शिकवण्याचं काम सवडीने करू म्हटलं की गरजेच्या दिवशी शिकलेलं माणूस नसतं, हे मी तेव्हा बघितलं.

आमच्याकडे एका टेक्निशियनला चार मशीन असतात. चार पेशंट ऑन करायचे, दर अर्ध्या तासाने चौघांचं बीपी, प्रेशर, तापमान लिहायचं, कोणाचे पाय वळले तर चोळायचे, मग चौघांना ऑफ करून रक्त परत द्यायचं, मशीन निर्जंतुक करायचं, की पुढचे चौघं दारात हजर. यात 'नवीन मुलीला शिकव' हे पाचवं काम येतं आणि ते कुठल्याच हिशेबात धरलेलं नसतं. मुलगी मग आपोआप वजन करायच्या काट्यापाशी नाहीतर स्टोअरमध्ये जाऊन उभी राहते. सहा महिन्यांनी तिच्या अनुभवाच्या दाखल्यावर सहा महिने लिहिले जातात.

म्हणून मी व्यवस्थापनाला एक प्रस्ताव दिला. शिकवणाऱ्याला तीनच मशीन द्या. चौथ्या मशीनच्या वेळात तो शिकवेल. शिकणाऱ्याला पहिल्या दिवसापासून विद्यावेतन द्या आणि फिस्टुलाला हात कधी लावायचा ते शिकवणारा ठरवेल, रोस्टर नाही. अपेक्षेप्रमाणे प्रश्न आला, "शिकून दुसरीकडे गेली तर?" मी म्हटलं, जाईल. मीही गेले होते. ज्या हॉस्पिटलात त्या मल्याळी सिस्टरने मला शिकवलं ते सोडून मी इथे आले, आणि इथे तुम्ही मला अनुभवी म्हणून घेतलंत तेव्हा माझ्या शिक्षणाचा खर्च कोणी केला हे विचारलं नव्हतं. माणूस अडकवून ठेवणारा बॉण्ड मला नको आहे. सगळ्या हॉस्पिटलांनी आपापल्या वाट्याचं शिकवलं तर इकडून गेलेलं माणूस तिकडच्या पेशंटच्या कामी येईल आणि तिकडचं आपल्या. फक्त दुपारच्या शिफ्टपुरतं मान्य झालं आहे. मी तेवढ्यावर काम सुरू केलं आहे.

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीचे पालक फोन करतात : "मुलीला डायलिसिसला घालावं म्हणतो, नोकरी लगेच लागते म्हणे." लागते, हे खरं आहे. मी त्यांना नाही म्हणत नाही, कारण या कामाला माणसं हवी आहेत आणि हे काम चांगलं आहे. फी भरण्याआधी दोन प्रश्न मात्र विचारून या, असं सांगते. कॉलेजला विचारा, त्या २००० तासांतले किती तास पेशंटच्या शेजारी, आणि कोणत्या हॉस्पिटलात? मग त्या हॉस्पिटलात जा आणि तिथल्या टेक्निशियनला विचारा, तुम्ही माझ्या मुलीला शिकवत असाल तेव्हा तुमची मशीनं कोण बघतं? पहिल्या प्रश्नाला छापील उत्तर मिळेल. दुसऱ्याला उत्तर देताना समोरचा माणूस हसला, तर दुसरं कॉलेज बघा.